भाग ३७ : शिक्षकांना ऑनलाइन शिकवायला कोणी शिकवलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे भागाचा लिखित मजकूर. बोलतानाची अडखळ काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

जून २०२०. माझी आत्या सातारा जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायची. सव्वीस वर्षांची नोकरी. शाळा मार्चपासून बंद होती आणि मी लॉकडाऊनमुळे तिच्याच घरी अडकलो होतो. एका संध्याकाळी व्हॉट्सॲपवर निरोप आला: उद्या सकाळी अकराला ऑनलाइन अध्यापनाचं प्रशिक्षण, उपस्थिती अनिवार्य. फोन कशाला तरी टेकवून उभा करायचं काम माझ्याकडे आलं. साखरेचा डबा कामी आला.

प्रशिक्षणातलं पहिलं वाक्य होतं, "सर्वांनी आपापले माइक बंद ठेवावेत." मग अडीच तास स्लाइड. विषय काय, तर 'विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग कसा वाढवावा'. त्या अडीच तासांत आत्याला एकदाही काही बोलायचं नव्हतं, लिहायचं नव्हतं, करून बघायचं नव्हतं. शेवटी तेवढं चॅटमध्ये नाव आणि शाळेचा क्रमांक टाकायचा होता, हजेरीसाठी. शेकडो नावं भराभर वर सरकत गेली. आत्याने फोन बंद केला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "म्हणजे आता मी पोरांना असंच शिकवायचं का रे?"

तिचा प्रश्न मला तेव्हा विनोदी वाटला होता. नंतर या विषयाचं वाचायला लागलो तेव्हा कळलं की बरोबर हाच प्रश्न काही लोकांना चाळीस वर्षांपूर्वी पडला होता, त्यांनी त्यावर डोकं फोडलं होतं आणि उत्तरही शोधलं होतं. आजचा भाग त्या उत्तराचा इतिहास आहे.

तर चला १९८२ मध्ये. कॅलिफोर्नियात समुद्राकाठी ला होया नावाचं गाव आहे. तिथल्या वेस्टर्न बिहेव्हिअरल सायन्सेस इन्स्टिट्यूटने त्या वर्षीच्या जानेवारीत एक अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी कोण? मोठमोठ्या कंपन्यांमधले अधिकारी. हे लोक वर्षातून दोनदा आठवडाभर ला होयाला येणार आणि बाकीचे महिने आपापल्या गावी बसून, ॲपल टू कॉम्प्युटर आणि मॉडेम वापरून, न्यू जर्सीतल्या एका मोठ्या कॉम्प्युटरला फोनवरून जोडले जाणार. तिथे लेखी चर्चा. एकाने आज संदेश लिहावा, दुसऱ्याने उद्या वाचून उत्तर द्यावं. नुसतं लॉग-इन करायला पानभर सूचना होत्या! शिकवायला अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांचे प्राध्यापक. माणसं हुशार, पैसा मुबलक, विद्यार्थी शिकायला उत्सुक.

आणि झालं काय? शांतता. प्राध्यापकांनी लांबलचक प्रस्तावना लिहिल्या, खाली प्रश्न लिहिले, आणि समोरून काहीच येईना. वर्गात शांतता पसरली तर निदान चेहरे दिसतात. कोणी मान हलवतंय, कोणी पेन चावतंय, कोणी खिडकीबाहेर बघतंय. इथे पडदा रिकामा. लोकांना कळलं नाही की पटलं नाही, का त्यांनी वाचलंच नाही?

तिथे काम करणारे तत्त्वज्ञ अँड्र्यू फीनबर्ग यांनी पुढे हा अनुभव प्रामाणिकपणे लिहून ठेवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्यापैकी कोणीच कधी ऑनलाइन वर्गात विद्यार्थी म्हणून बसलं नव्हतं. असा वर्ग चालताना कोणी पाहिलाही नव्हता. वर्गाची सुरुवात कशी करायची, संदेश केवढा लिहायचा, शिक्षकाने दिवसातून किती वेळा डोकावायचं, यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

विचार करा. आपण शाळेत शिकवायला जातो तेव्हा कोरी पाटी घेऊन जात नाही. पंधरा-सतरा वर्षं आपण बाकावर बसलेले असतो. फळा कसा वापरतात, मुलांना गप्प कसं करतात, कंटाळा आलेल्या वर्गाला गोष्ट सांगून कसं जागं करतात, हे सगळं आपण विद्यार्थी म्हणून पाहिलेलं असतं. डी.एड., बी.एड. नंतर येतं. ऑनलाइन शिकवणाऱ्या पहिल्या पिढीकडे ही बाकावरची वर्षंच नव्हती.

ला होयाच्या मंडळींनी चुकतमाकत शोधून काढलं की लेखी चर्चेत व्याख्यान चालत नाही. शिक्षकाने थोडकं लिहायचं, नेमका प्रश्न टाकायचा आणि अधूनमधून सगळ्यांचे संदेश वाचून एक गोषवारा लिहायचा: अमुक हे म्हणाले, तमुक त्याच्या उलट म्हणाले, दोघांच्या मध्ये हा मुद्दा राहिला. फीनबर्ग यांनी याला विणकामाचं नाव दिलं. सुटे धागे शिक्षकाने विणून दाखवायचे. कीर्तनकार एखादा धागा सोडतो आणि दहा मिनिटांनी बरोबर उचलतो, त्याच्या जवळचं काम आहे हे. फरक एवढाच की इथे धागे श्रोत्यांचे असतात.

आता थोडं मागे जाऊ, कारण दुरून शिकवण्याची खरी शाळा ब्रिटनमध्ये उभी राहिली आणि तिथे सुरुवात कॉम्प्युटरपासून नाही, टपालापासून झाली. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र कुठेही जायला लागलं आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने शॉर्टहँड शिकवायला घेतलं. विद्यार्थी उतारा शॉर्टहँडमध्ये लिहून पाठवायचे, तो तपासून परत जायचा. धडा पाठवणं सोपंच होतं हो. तपासलेला कागद परत जाणं ही त्यातली खरी गोष्ट. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६३ च्या सप्टेंबरमध्ये ग्लासगोत हॅरॉल्ड विल्सन यांनी 'हवेतल्या विद्यापीठा'ची कल्पना मांडली. हवेतलं म्हणजे रेडिओ-टीव्हीवरचं. लोकांनी भरपूर चेष्टा केली. पण विल्सन पंतप्रधान झाले, जेनी ली या जिद्दी मंत्रीणबाईंनी ती कल्पना धरून ठेवली आणि २३ एप्रिल १९६९ ला ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली. मुक्काम मिल्टन कीन्स. पहिले कुलगुरू वॉल्टर पेरी. जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांना घेऊन शिकवणं सुरू झालं.

आणि सुरू होतंय न होतंय तोच, त्याच महिन्याच्या २० तारखेला ब्रिटनच्या टपाल कर्मचाऱ्यांनी संप पुकारला! पाठ्यसाहित्य टपालाने जाणार, स्वाध्याय टपालाने येणार, आणि टपालच बंद. जवळपास सात आठवडे. विद्यापीठाला पाकिटं पोचवायची पर्यायी व्यवस्था उभी करावी लागली. २०२० मध्ये आपल्याला वाटलं की असं संकट शिक्षणावर पहिल्यांदाच आलंय. दूरशिक्षणाच्या या सगळ्यात नावाजलेल्या संस्थेचा जन्मच अशा संकटात झाला होता.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल. विद्यापीठातला प्राध्यापक म्हणजे आपल्या वर्गाचा राजा. दार लावलं की आत काय शिकवतो ते कोणी विचारत नाही. ओपन युनिव्हर्सिटीने हे दार उघडलं. एक अभ्यासक्रम एकट्याने लिहायचाच नाही. त्यासाठी गट: विषयाचे प्राध्यापक, बीबीसीचे निर्माते, संपादक आणि शैक्षणिक तंत्रज्ञानाचा जाणकार. प्राध्यापकाने लिहिलेला मसुदा सगळ्यांच्या हातात जायचा आणि सगळे त्याच्यावर लाल पेन चालवायचे. हे वाक्य कोणाला कळणार? विद्यार्थी रात्री साडेदहाला, कामावरून दमून आल्यावर हे वाचणार आहे. त्याला शंका आली तर तो कोणाला विचारेल? नावाजलेल्या विद्वानांना हे जड गेलं असणार यात मला शंका नाही. आपण लिहिलेलं दुसऱ्याने खोडणं कोणाला आवडतं?

या पद्धतीतून छापील मजकुराची एक वेगळी जात तयार झाली. तिथल्या डेरेक राउनट्री यांनी तिला 'छापील शिकवणी' म्हटलं. दोन-चार परिच्छेद झाले की मजकूर थांबतो आणि विचारतो: आता पुढे वाचू नका, हे उत्तर आधी कागदावर लिहा. मग पुढे उत्तरावर चर्चा. म्हणजे शिक्षकाने आधीच कल्पना करून ठेवायची की विद्यार्थी इथे कुठे चुकेल. आपल्याकडे ज्यांनी मुक्त विद्यापीठाची पुस्तकं वाचली आहेत त्यांना हा साचा ओळखीचा वाटेल. त्यावर येतोच.

दुसरी गोष्ट ट्यूटरची. देशभर पसरलेले अर्धवेळ ट्यूटर स्वाध्याय तपासायचे. नुसते गुण नाही, समासात आणि शेवटी शेरे लिहायचे, कारण बऱ्याच विद्यार्थ्यांसाठी शिक्षकाचा आवाज म्हणजे तो शेरा. आणि त्या तपासलेल्या स्वाध्यायांतले काही नमुना म्हणून पुन्हा विद्यापीठाचे लोक बघायचे. गुण बरोबर दिलेत का एवढंच नाही बघायचे, शेऱ्यातून शिकवणं होतंय का ते बघायचे. 'छान', 'अधिक अभ्यास हवा', 'मुद्दा स्पष्ट नाही' असले शेरे लिहिणाऱ्या ट्यूटरला सांगितलं जायचं की बाबा रे, मुद्दा का स्पष्ट नाही ते लिही. शिक्षकाला दुरून शिकवायला शिकवण्याची ही पहिली पक्की व्यवस्था. त्याच्याच कामावर, त्याच्याच हस्ताक्षरावर, सावकाश.

मग कॉम्प्युटर आला. १९८८ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीने माहिती तंत्रज्ञानाच्या एका प्राथमिक अभ्यासक्रमात हजाराहून जास्त विद्यार्थी आणि त्यांचे ट्यूटर एका ऑनलाइन चर्चाव्यवस्थेवर आणले. तिचं नाव कोझी, कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात बनलेली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं काही करणाऱ्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. निकाल संमिश्र. काही विद्यार्थी त्यात रमले, पुष्कळांनी नुसतं वाचलं, आणि पुष्कळ जण फिरकलेच नाहीत. फोनचं बिल मिनिटावर चढायचं, त्यामुळे माणूस घड्याळाकडे बघत वाचणार. ट्यूटरचं म्हणाल तर तो बिचारा कागदावर शेरे लिहिण्यात तरबेज झालेला, त्याला अचानक वीस जणांच्या लेखी गप्पा चालवायला सांगितल्या. ला होयाचीच कथा पुन्हा.

इथे गोष्टीत येतात गिली सॅमन. त्या ओपन युनिव्हर्सिटीच्या बिझनेस स्कूलमध्ये होत्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्याकडे काम आलं की आता ट्यूटर लोकांना ऑनलाइन चर्चा चालवायला शिकवा. ट्यूटर ठिकठिकाणी विखुरलेले, नोकऱ्या सांभाळून शिकवणारे. सगळ्यांना एका हॉलमध्ये गोळा करून दोन दिवस स्लाइड दाखवता आल्या असत्या. सॅमन यांनी ते केलं नाही. त्यांनी आधी हजारो संदेश वाचले, विद्यार्थ्यांचे आणि ट्यूटरचे. कुठे गाडी अडते, कुठे सुटते ते शोधलं. मग १९९६ च्या सुमारास ट्यूटरचं प्रशिक्षण त्याच ऑनलाइन व्यवस्थेत ठेवलं जिच्यावर त्यांना पुढे शिकवायचं होतं. ट्यूटर तिथे विद्यार्थी. पासवर्ड चालत नाही म्हणून वैतागणारे तेच, 'मी पहिला संदेश काय लिहू' म्हणून अडणारे तेच, आपल्या संदेशाला दोन दिवस कोणी उत्तर दिलं नाही म्हणून खट्टू होणारेही तेच.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्याला दोन दिवस उत्तर मिळालं नाही तर काय वाटतं, हे कुठल्याही स्लाइडवर लिहून कळत नाही. एकदा आपल्या अंगावर येऊन गेलं की मात्र माणूस विसरत नाही.

सॅमन यांनी या सगळ्यातून पाच पायऱ्या काढल्या आणि २००० साली 'ई-मॉडरेटिंग' या पुस्तकात मांडल्या. पहिली पायरी आत शिरणं: यंत्र चालू होणं, आणि चालू करावंसं वाटणं. दुसरी पायरी ओळखीपाळखी, एकमेकांच्या आवाजाची सवय. तिसरीवर माहितीची देवाणघेवाण. चौथीवर एकत्र विचार करून काही नवं मांडणं. आणि पाचवीवर विद्यार्थी स्वतःच्या पायावर उभा राहतो, आपण कसे शिकलो याचाही विचार करू लागतो. गंमत अशी की बहुतेक अभ्यासक्रम आखणारे थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात. पीडीएफ टाकली, व्हिडिओ टाकला, झालं. खालच्या दोन पायऱ्यांवर लोक घसरून पडलेत याचा पत्ताच नसतो. दोन वर्षांनी त्यांनी 'ई-टिव्हिटीज' लिहिलं. त्यात छोट्या कृतींचा साचा दिला: एक ठिणगी, म्हणजे चित्र, प्रसंग किंवा चार ओळी, मग प्रत्येकाने करायचं एक छोटं काम, आणि मग दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला उत्तर देणं. हा शेवटचा भाग सोडला की ती कृती उरत नाही, गृहपाठ होतो.

टीकाही झाली. शिकणं असं जिन्यासारखं एकेक पायरी चढत होत नाही, लोक वर-खाली करतात, काही जण नुसते वाचूनही शिकतात, असं पुढच्या संशोधकांनी म्हटलं. मला ती टीका बरोबर वाटते. पण ज्याने कधीच ऑनलाइन शिकवलं नाही अशा माणसाला धरायला कठडा लागतो, आणि तो या पायऱ्यांनी दिला.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे ही गोष्ट टीव्हीपासून सुरू होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, वर्षभर, नासाचा एटीएस-६ हा उपग्रह भारताला उसना मिळाला आणि सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्ही पोचला. 'साइट' या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. जाळीच्या मोठ्या छत्र्या, शाळेसमोर जमलेलं गाव, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ चिटणीस, मूळचे कोल्हापूरचे.

साइटची आठवण शेती आणि आरोग्याच्या कार्यक्रमांसाठी काढली जाते. त्यात प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षणही होतं हे फार कमी जणांना माहीत असतं. विज्ञान कसं शिकवावं यासाठी १२ दिवसांचा अभ्यासक्रम, दोन फेऱ्यांत, जवळपास ५० हजार शिक्षक. आखणाऱ्यांना एक गोष्ट स्वच्छ कळली होती: टीव्ही बोलतो, ऐकत नाही. गावातल्या संचावरून शिक्षकाला उलट प्रश्न विचारता येत नव्हता. म्हणून त्यांनी टीव्हीवर सगळा भार टाकलाच नाही. सोबत रेडिओ, छापील साहित्य, हाताने करून बघायचे प्रयोग, आणि चर्चा पुढे नेणारा एक माणूस तिथे हजर. आकाशात उपग्रह आणि जमिनीवर मास्तर. पन्नास वर्षांपूर्वी, ज्या गावांत वीज जेमतेम पोचली होती तिथे, शिक्षकांना नुसतं बघत बसवून चालणार नाही हे त्यांना कळलं होतं. माझ्या आत्याच्या त्या अडीच तासांशी हे ताडून बघा.

पुढे १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. मगाशी म्हटलेला तो साचा, थांबा आणि उत्तर लिहा, या मार्गाने मराठीत आला. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद, अभ्यासकेंद्रं, आणि शिक्षक या शब्दाऐवजी 'संमंत्रक'. हा शब्द मला आधी बोजड वाटायचा. पण त्यात विचार आहे. पुस्तक शिकवतंय, केंद्रावरचा माणूस शिकवायला नाही तर विद्यार्थ्याशी सल्लामसलत करायला बसलाय. प्रत्यक्षात कित्येक केंद्रांवर संमंत्रक रविवारी सकाळी तेच पुस्तक फळ्यावर पुन्हा शिकवायचे, हेही खरं. नवं नाव देऊन जुनी सवय जात नाही.

आणि मग पवई. २००९ मध्ये केंद्र सरकारचं माहिती तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. त्यातून आयआयटी मुंबईत दीपक फाटक यांच्या पुढाकाराने इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं. एका वेळी आधी हजार शिक्षक, मग दहा हजार. पवईहून थेट प्रक्षेपण आणि देशभरच्या कॉलेजांत केंद्रं. आकडा मोठा आहे म्हणून मी हे सांगत नाहीये, आकडे तर आत्याच्या प्रशिक्षणातही मोठे होते. मला आवडली ती रचना. प्रत्येक केंद्रातला एक समन्वयक आधी पवईला येऊन काही दिवस राहायचा, तोच विषय स्वतः शिकायचा, तेच प्रयोग करायचा. मग मुख्य कार्यशाळेत पवईची व्याख्याने झाली की ट्यूटोरियल आणि प्रयोग केंद्रावर, त्या समन्वयकासोबत. केंद्रातून प्रश्न विचारायची सोय होती, आवाज दोन्हीकडून जायचा. आकाशात उपग्रह आणि जमिनीवर मास्तर ही साइटची घडी पुन्हा, यावेळी इंटरनेटवर.

त्याच संस्थेतल्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. २०१७ मध्ये त्यांनी शिक्षकांसाठीच ऑनलाइन अभ्यासक्रम चालवले, ऑनलाइन आणि मिश्र पद्धतीने कसं शिकवायचं याचे. त्यांच्या व्हिडिओत एक साधी युक्ती असायची. बोलणारा दोन-तीन मिनिटांनी थांबतो, एक प्रश्न विचारतो आणि सांगतो: व्हिडिओ थांबवा, वहीत उत्तर लिहा, मग पुढे जा. त्याला ते 'रिफ्लेक्शन स्पॉट' म्हणतात. ओळखीचं वाटलं ना? राउनट्रींची छापील शिकवणी. प्रशिक्षण घेणाऱ्या शिक्षकाने दहा वेळा असा व्हिडिओ थांबवून वहीत लिहिलं की अकराव्या वेळी तो स्वतःचा व्हिडिओ बनवताना कुठे थांबायचं ते त्याला सांगावं लागत नाही.

म्हणजे बघा, हे ज्ञान परदेशातून मागवायचं नव्हतं. ते पवईत होतं, मराठीत नाशिकला होतं, सत्तरच्या दशकात साइटच्या गावांत होतं. तरी मार्च २०२० मध्ये लाखो शिक्षकांच्या हातात एक लिंक देऊन सांगितलं गेलं, शिकवा.

त्याच महिन्याच्या २७ तारखेला अमेरिकेत 'एज्युकॉज रिव्ह्यू'मध्ये चार्ल्स हॉजेस आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. जगभर वाचला गेला. त्यांचं सांगणं असं की आत्ता चाललंय त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, हे आणीबाणीतलं दूरस्थ शिकवणं आहे. नीट आखलेल्या ऑनलाइन विद्यापीठीय अभ्यासक्रमाला सुरू होण्याआधी साधारण सहा ते नऊ महिने तयारी लागते, आणि शिकवणारा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सरावतो. आपल्या शिक्षकांना काही दिवस मिळाले. मला या लेखाचं मोल वाटतं ते यासाठी, की त्याने दोष ठेवायची जागा बदलली. त्या वर्षी घरोघरी शिक्षकांची टवाळी झाली. बाईंना स्क्रीन शेअर करता येत नाही, सर स्वतःच म्यूटवर बोलतायत, असे व्हिडिओ फिरले. मीही हसून पुढे पाठवलेत, खोटं कशाला बोलू. ज्यांना बाकावर बसायला मिळालंच नाही त्यांना आपण फळ्यापुढे उभं केलं आणि वर हसलो.

आत्याने काय केलं ते सांगतो आणि थांबतो. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी तिने शाळेतल्या चार सहकाऱ्यांना फोन केला. ठरलं असं की रोज रात्री नऊ वाजता पाचातल्या एकाने बाकी चौघांना शिकवायचं, फोनवरून, आणि चौघांनी आठवीतली पोरं व्हायचं. पहिल्या रात्री गणिताच्या सरांनी पाऊण तास शिकवलं आणि विसाव्या मिनिटाला आत्या पीठ मळायला निघून गेली. तिनेच हे दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. सर आधी रागावले, मग म्हणाले, "बाई, पोरंही हेच करणार." तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी काही नियम बसवले. व्हिडिओ नको, डेटा संपतो. दोन मिनिटांचा आवाज पाठवायचा, त्याच्या शेवटी एक प्रश्न. उत्तर मुलाने बोलून पाठवायचं किंवा वहीचा फोटो. आणि प्रत्येक उत्तराला, चूक असो बरोबर असो, त्याच दिवशी नाव घेऊन काहीतरी परत पाठवायचं.

त्यासाठी तिने एक दोनशे पानी वही केली होती. डावीकडे मुलांची नावं, पुढे तारखा, आणि प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक खूण: उत्तर आलं, उत्तर आलं आणि मी परत बोलले, उत्तर नाही. सलग चार दिवस 'उत्तर नाही' झालं की त्या नावासमोर लाल टिंब, आणि मग शेजारच्या वस्तीतल्या कोणाच्या तरी फोनवर चौकशी. बहुतेक वेळा कळायचं की फोन बापाबरोबर कामावर गेलाय. एकदा कळलं की मुलगी स्वतःच कामावर गेलीय.

मागच्या दिवाळीत मी तिला सॅमन यांच्या पुस्तकाबद्दल सांगत होतो. पाच पायऱ्या, ठिणगी, विणकाम, सगळं. तिने नीट ऐकून घेतलं. मग उठून कपाटातून ती वही आणली, ऑगस्ट २०२० चं पान उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. त्या पानावर सतरा लाल टिंबं होती. "यातली अकरा परत आली," ती म्हणाली. "बाकीच्या सहांचं तुझ्या पुस्तकात काही आहे का?"